पिंगळ्याच्या डोक्यावरचे ठिपके

आमच्या महाविद्यालयाच्या २००७-०८ च्या वार्षिकांकात एक कृष्णधवल छायाचित्र छापलेले आहे. निष्पर्ण सागाच्या फांदीवर एक लहानसे घुबड एका अंगाने बसले आहे. मान किंचित वळलेली, पोटाचा भाग फांदीआड गेलेला. खाली ओळ आहे : ‘रानपिंगळा, चिंचपाडा’. छायाचित्र आमच्यापैकी एकाने काढले, ओळ दुसऱ्याने लिहिली आणि मुद्रिते आम्ही सर्वांनी मिळून तपासली. ओळीत दोनच शब्द आहेत. त्यांपैकी पहिला चुकीचा आहे आणि दुसरा अपुरा. प्रस्तुत लेख ही त्या ओळीची दुरुस्ती आहे.

दुरुस्तीला एक वाक्य पुरले असते हे खरे. परंतु ही चूक कशी घडली याचा मागोवा घेऊ लागलो तेव्हा असे लक्षात आले की तिच्या मागे दोन इतिहास उभे आहेत : एक खानदेशातील एका पक्ष्याचा आणि दुसरा मध्यमवर्गीय हौशी माणसाला परवडू लागलेल्या टेलिफोटो झूम भिंगाचा. हे दोन्ही इतिहास ज्या प्रश्नापाशी एकत्र येतात तो प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका नाही. पुराव्यात एखादी गोष्ट दिसत नाही, एवढ्यावरून ती नव्हतीच असे म्हणता येते काय?

प्रथम पक्ष्याविषयी. रानपिंगळ्याची शास्त्रीय नोंद १८७२ पासून सुरू होते. त्या वर्षी एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात हा पक्षी मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात त्याला नवी जात ठरवून ब्लेविट यांचे नाव दिले. हे ह्यूम म्हणजे १८८५ च्या काँग्रेस-स्थापनेमुळे आपल्या पाठ्यपुस्तकांत शिरलेले तेच ह्यूम होत. १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना आजच्या ओडिशातील खडियाल परिसरात आणखी एक पक्षी मिळाला. त्यानंतर मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० ते १८८४ या काळात खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानांत, काही नमुने गोळा केले. त्या काळची रीत अशी की पक्षी बंदुकीने पाडावयाचा, कातडी सोलून तीत कापूस भरावयाचा आणि पायाला चिठ्ठी बांधावयाची. चिठ्ठीवर स्थळ, दिनांक आणि गोळा करणाऱ्याचे नाव. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याच्या अशा सातच कातड्या होत्या.

१८८४ नंतर हा पक्षी नोंदींतून नाहीसा झाला. एकच अपवाद होता. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि नामांकित पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात एक कातडी होती आणि तिच्या चिठ्ठीवर १९१४ साल व तापीकाठचे मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. हे मांडवी आजच्या गुजरातमधील सुरत जिल्ह्यात आहे. माइनर्ट्झहागेन हे काही ऐरेगैरे नव्हते. १९३७ च्या त्यांच्या अफगाणिस्तान मोहिमेत खुद्द सालिम अली सहभागी झाले होते. १९५४ मध्ये त्यांचा सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाला मिळाला. अशा माणसाच्या चिठ्ठीवर अविश्वास कोण दाखवणार? पक्षी विसाव्या शतकातही जिवंत होता आणि तो तापीच्या खालच्या खोऱ्यात होता, असे गृहीत धरले गेले. १९७० च्या दशकात सालिम अली आणि एस. डिलन रिप्ले यांनी शोध घेतला. तो व्यर्थ गेला. रानपिंगळा नामशेष झाला असावा, असे मग बहुतेकांनी मनोमन मानले.

या कथेला कलाटणी मिळाली ती एका पाठचिकित्सेने. दुसरा शब्द आम्हांला सुचत नाही. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्यासह जुन्या कातड्यांची तपासणी केली. प्रत्येक संग्राहकाची कातडी सोलण्याची, भरण्याची, शिवण्याची एक ढब असते. लेखकाच्या हस्ताक्षरासारखीच ती ओळखता येते. मांडवीच्या कातडीच्या शिवणी आणि क्ष-किरण चित्रे पाहता असे आढळले की ती पूर्वी एकदा भरलेली होती, नंतर उसवून पुन्हा भरली गेली होती आणि मूळची ढब डेव्हिडसन यांची होती. म्हणजे खानदेशातील एक जुना नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर नवी चिठ्ठी बांधण्यात आली होती. १८८४ ते १९१४ हा तीस वर्षांचा काळ आणि शहाद्याकडून मांडवीपर्यंतचा प्रदेश, हे दोन्ही त्या एका चिठ्ठीने बनावटपणे पक्ष्याच्या खाती जमा केले होते. माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील अन्य कातड्यांबाबतही असेच प्रकार पुढे उघडकीस आले.

खोटी चिठ्ठी बाजूला काढताच कुठे शोधावयाचे हे स्पष्ट झाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी गेले. पूर्वेकडील जागी काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या पायथ्याच्या रानात किंग यांना उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. या वेळी कोणी बंदूक उचलली नाही. छायाचित्रे आणि चित्रफीत घेण्यात आली. ज्या पक्ष्याची ओळख कातडी आणि चिठ्ठी यांवर उभी होती, त्याचा पुनर्जन्म भिंगातून झाला. त्या दिवशी शहादे धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि हा पक्षी आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आला. याचा आम्हांला अभिमान वाटू लागला. चुकीची सुरुवात बहुधा या अभिमानातच असावी.

चिंचपाडा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नवापूर आणि खांडबारा यांच्या दरम्यानचे स्थानक आहे. नकाशावर मांडवी आणि शहादे यांना जोडणारी रेघ ओढली तर ती या गावाच्या आसपासूनच जाते. एका बाजूला खोटी नोंद, दुसऱ्या बाजूला खरी आणि मध्ये चिंचपाडा. आम्ही तेथे गेलो ते लोकगीतांच्या संकलनाच्या कामासाठी. सोबत कॅमेरा होता आणि त्याला नुकतेच घेतलेले ७०-३०० मिलिमीटरचे झूम भिंग. मुंबईला गेलेल्या एका सहकाऱ्याने ते बोरा बाजारातून वापरलेले म्हणून आणले होते.

आता या भिंगाचा इतिहास. दूरची वस्तू मोठी दिसावी यासाठी भिंगाचे नाभीय अंतर वाढवावे लागते; आणि साध्या भिंगाचे नाभीय अंतर जितके मोठे तितकी त्याची नळी लांब. १८९१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये टी. आर. डॉलमायर आणि जर्मनीत आडोल्फ मीटे व आडोल्फ श्टाइनहाइल या तिघांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती काढली. पुढे किरण एकवटणारा भिंगसमूह आणि मागे त्यांना किंचित पसरवणारा समूह ठेवला की आखूड नळीत लांब नाभीय अंतर मावते. यालाच टेलिफोटो म्हणतात. डॉलमायर यांनी १८९९ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथही लिहिला.

दुसरा टप्पा झूमचा. समूह एकमेकांच्या सापेक्ष सरकवून एकाच नळीत अनेक नाभीय अंतरे मिळवण्याची सोय प्रथम चलच्चित्र आणि दूरचित्रवाणी यांच्या कॅमेऱ्यांना मिळाली. स्थिरचित्रणासाठी फ्रँक बॅक यांनी रचलेले ३६-८२ मिलिमीटरचे फोइग्टलेंडर-झूमार १९५९ मध्ये आले आणि त्याच वर्षी निकॉनचे ८५-२५० मिलिमीटरचे टेलिफोटो झूमही. दोन्ही सामान्यांच्या आवाक्याबाहेरची होती. १९७० च्या दशकात व्हिविटार, टॅमरॉन, सिग्मा, टोकिना अशा स्वतंत्र भिंगकारांनी कोणत्याही कॅमेऱ्याला बसणारी स्वस्त झूम भिंगे बाजारात आणली. हौशी छायाचित्रकाराच्या पिशवीत दुसरे भिंग म्हणून ७०-२१० आणि पुढे ७०-३०० मिलिमीटर यांनी जागा पटकावली.

तिसरा टप्पा अंकीय कॅमेऱ्यांचा. २००३ मध्ये कॅननचा ३००डी आणि २००४ मध्ये निकॉनचा डी७० आला. या कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीहून लहान होता. त्यामुळे ३०० मिलिमीटरचे भिंग फिल्मवरील ४५० ते ४८० मिलिमीटरच्या भिंगाइतके जवळ आणल्यासारखे भासे. शिवाय लहान सेन्सर भिंगाने टाकलेल्या प्रतिमेचा मधलाच भाग उचलतो, आणि स्वस्त भिंगाचा मधला भाग कडांपेक्षा पुष्कळ बरा असतो. शिकारी-संस्थानिकांनंतर आणि व्यावसायिकांनंतर पक्षी आता शिक्षक, तलाठी, बँकेतील कारकून यांच्याही चौकटीत येऊ लागला. महाराष्ट्रात गेल्या वीस वर्षांत हौशी पक्षिनिरीक्षकांनी जी मोलाची भर घातली तिच्यामागे या स्वस्त काचेचा वाटा मोठा आहे. तिची हेटाळणी करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही.

स्वस्ताई मात्र कशातून तरी येतेच. ३०० मिलिमीटर आणि एफ/५.६ या आकड्यांचा अर्थ प्रकाश आत येण्याचे छिद्र सुमारे ५४ मिलिमीटर व्यासाचे आहे, असा. व्यावसायिकांच्या ३०० मिलिमीटर एफ/२.८ भिंगात तेच १०७ मिलिमीटर असते. म्हणजे प्रकाश चौपट आणि काचेचे वजन व किंमत त्याहून कितीतरी पट. दुसरी काटकसर काचेच्या जातीत. निरनिराळ्या रंगांचे किरण काचेतून निरनिराळ्या प्रमाणात वळतात आणि नाभीय अंतर वाढेल तसा हा दोष वाढतो. तो आवरणारी खास काच महाग पडते. ती वगळली किंवा एखाद्याच घटकात वापरली की उजळ आकाशासमोरच्या फांदीला जांभळी किनार येते. तिसरी काटकसर नळीच्या बांधणीत. झूम पूर्ण लांबवले की नळी बाहेर येते आणि डुगडुगते. या सर्वांचा एकत्रित परिणाम असा की असले भिंग ७० ते २०० मिलिमीटरपर्यंत बहुधा नीटस चित्र देते आणि ३०० वर, छिद्र पूर्ण उघडे असताना, सर्वांत मऊ. पक्ष्यासाठी नेमके हेच टोक लागते.

आमचे छायाचित्र याच टोकाचे होते : ३०० मिलिमीटर, एफ/५.६, सेकंदाचा १/१६० वा भाग, हातात धरून. हातात धरलेल्या भिंगासाठी नाभीय अंतराच्या आकड्याहून शटरचा वेग कमी नसावा असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे येथे किमान १/३००, आणि लहान सेन्सर लक्षात घेता १/४५०. भिंग मऊ, त्यात हात हललेला.

परंतु चित्र मऊ असणे निराळे आणि चुकीचे असणे निराळे. मऊपणातून चूक कशी उपजली हे समजण्यासाठी दोन पिंगळ्यांतील भेद पाहिला पाहिजे. गावाकडेला, जुन्या झाडांच्या ढोलीत सर्रास आढळणारा साधा पिंगळा डोक्यावर व पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला असतो. मानेमागे त्याला पांढरट कंठी असते आणि पोटावर तपकिरी खुणा असतात. रानपिंगळ्याचे डोके व पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, छाती गडद, पोटाचा खालचा भाग पांढरा स्वच्छ, पंख व शेपटी यांवर ठळक पट्टे, आणि चोच व पंजे अधिक दणकट. आमच्या चित्रात पोट फांदीआड होते. उरले डोके आणि खांदा. त्यांवर ठिपके दिसत नव्हते. शिवाय पक्षी सकाळच्या उन्हात उघड्यावर बसलेला होता आणि रानपिंगळा दिवसा वावरतो हे आम्ही वाचले होते. साधा पिंगळाही कोवळ्या उन्हात असाच ढोलीबाहेर येऊन बसतो, हे त्या वेळी आम्हांला आठवले नाही. आठवून घ्यावेसे वाटले नाही, असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

येथे थोडे गणित करू. पक्षी ३० मीटरवर होता असे धरू. ३०० मिलिमीटरच्या भिंगात इतक्या अंतरावरील वस्तूची प्रतिमा सेन्सरवर शंभर पट लहान पडते. २३ सेंटिमीटरचा पिंगळा म्हणजे २.३ मिलिमीटर. आमच्या सहा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चौकटीची उंची सुमारे १५.६ मिलिमीटर आणि २,००० पिक्सेल. तेव्हा अख्खा पक्षी उंचीने जेमतेम तीनशे पिक्सेलांत बसला. डोक्यावरचा पांढरा ठिपका दोन मिलिमीटरचा मानला तर त्याच्या वाट्याला आले अडीच पिक्सेल. भिंगाचा मऊपणा आणि हाताचा कंप यांनी प्रत्येक बिंदू तीन-चार पिक्सेलांवर पसरला असेल, तर पांढरा ठिपका भोवतालच्या तपकिरीत विरघळून जातो आणि डोके एकसारखे करडे-तपकिरी दिसू लागते. वार्षिकांकाच्या कृष्णधवल छपाईने उरलेसुरले काम पूर्ण केले.

थोडक्यात, स्वस्त भिंगाने साध्या पिंगळ्याच्या डोक्यावरचे ठिपके पुसले आणि ठिपके नसणे हीच रानपिंगळ्याची खूण असल्याने पुसलेला पुरावा आम्ही भरभक्कम पुरावा म्हणून स्वीकारला. भिंगाने खोटे सांगितले नव्हते. आम्ही त्याला विचारू नये तो प्रश्न विचारला होता. मऊ भिंग अस्तित्वाची साक्ष बऱ्यापैकी देऊ शकते : पक्षी होता, फांदी होती, ऊन होते. अभावाची साक्ष देण्याची त्याची ऐपत नसते. मधल्या काळात रानपिंगळा म्हणून पुढे आलेले एक छायाचित्र साध्या पिंगळ्याचेच निघाले होते, हे आम्हांला पुष्कळ नंतर कळले. म्हणजे आमची चूक नवीही नव्हती.

ती उघडकीला आली वर्गात. पहिल्या वर्षाच्या एका तासाला आम्ही वार्षिकांकातील हे पान कौतुकाने दाखवले. घरी मावची बोलणारा, नवापूर तालुक्यातलाच एक विद्यार्थी चित्राकडे थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, हा आमच्या घरामागच्या चिंचेवरचा. रोज बसतो.” आम्ही त्याला भेद समजावून सांगितला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “सर, एकच फोटो काढला होता का?”

एकच काढलेला नव्हता. सात होते. त्यांतला सर्वांत मोठा आणि देखणा आम्ही निवडला होता. बाकीचे संगणकात पडून होते. ते सर्व एकत्र बसून पाहिले. पाचव्या चित्रात झूम मागे घेऊन २०० मिलिमीटरवर आणले होते आणि छिद्र एफ/८ होते. पक्षी त्यात लहान दिसतो; पण त्याने मान फिरवली आहे, मानेमागची पांढरी कंठी स्पष्ट आहे आणि डोक्यावर, मोजून घ्यावेत असे, ठिपके आहेत. लहान चित्र खरे बोलत होते आणि मोठे चित्र गप्प होते. आम्ही गप्प चित्र छापले होते.

त्या विद्यार्थ्याला भिंगाची गरज नव्हती, कारण त्याच्या आणि पक्ष्याच्या मध्ये तीस मीटरचे अंतर कधी नव्हतेच. चिंचपाड्यात आम्ही दिवसभर गीते उतरवून घेतली, शब्दांचे अर्थ विचारले, चाली विचारल्या. पण हा पक्षी कोणता, हे एकाही माणसाला विचारले नाही. टेलिफोटोचा एक परिणाम असा असतो की दूर उभे राहूनही आपण जवळ गेलो आहोत असे वाटू लागते. प्रतिमा मोठी होते. अंतर जेवढ्यास तेवढेच राहते. होळीच्या दिवसांत सातपुड्यात जाऊन नाचणाऱ्यांचे चेहरे लांबून टिपणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडते. न विचारता चेहरा मिळतो आणि मग नाव विचारण्याचे राहून जाते. शहाद्याच्या रानपिंगळ्याबाबतही मनात येते की त्या ११३ वर्षांत पायथ्याच्या पाड्यांतील कोणाच्याच नजरेला तो पडला नसेल, हे संभवत नाही. त्यांच्या पाहण्याला फक्त चिठ्ठी नव्हती.

चिठ्ठीचा विषय निघालाच आहे तर ओळीतील दुसऱ्या शब्दाकडे वळू. ‘चिंचपाडा’ म्हणजे चिंचेचा पाडा. महाराष्ट्रात चिंचा पुष्कळ आणि पाडेही पुष्कळ. ऐरोलीत चिंचपाडा आहे, कल्याणजवळ आहे, पेणकडे आहे. तालुका-जिल्ह्यावाचून हे नाव म्हणजे पत्ता नसलेले पत्र. मांडवीही एक नाही. मुंबईत आहे, कच्छात आहे, तापीकाठी आहे. खोटी चिठ्ठी करणाऱ्याने निदान ‘तापीकाठचे’ एवढे लिहिण्याची काळजी घेतली होती. आम्ही खरे बोलत असूनही ती घेतली नाही.

दिनांकाची तऱ्हा याहून वाईट. अंकीय चित्राच्या पोटात कॅमेरा स्वतःच दिनांक, वेळ, नाभीय अंतर, छिद्र यांची नोंद ठेवतो. ही आधुनिक चिठ्ठी आपोआप बांधली जाते, म्हणून तिच्यावर विश्वास चटकन बसतो. आमच्या सातही चित्रांवर १ जानेवारी २००५, रात्रीचे बारा वाजून काही मिनिटे, अशी नोंद आहे आणि चित्रात कोवळे ऊन पडले आहे! घड्याळाची आतली बॅटरी संपली की कॅमेरा मूळ दिनांकावर जातो, हे आम्हांला ठाऊक नव्हते. मग हस्तलिखितांचा काळ ठरवताना करतात तसे अंतर्गत पुरावे पाहावे लागले. साग निष्पर्ण आहे, मागच्या शेतातील तूर काढून झालेली आहे, आणि वार्षिकांक मार्चअखेर छापून आला. तेव्हा फेब्रुवारी २००८, किंवा त्याच्या थोडे मागेपुढे. याहून नेमके आता काही सांगता येणार नाही.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा प्रस्तावनेत बखरींवर त्यांचा मुख्य आक्षेप स्थळ, काळ आणि व्यक्ती यांच्या घोटाळ्यांचा होता. त्यांची अखेर ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाली आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच आहे. त्या परंपरेच्या सावलीत मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हां मंडळींनी स्थळ अपुरे, काळ चुकीचा आणि व्यक्ती भलतीच अशी तीन शब्दांची बखर दोन शब्दांत लिहिली. बखरकारांना निदान अंतराचे निमित्त होते; ते घटनेनंतर कित्येक वर्षांनी लिहीत. आमची घटना त्याच महिन्यातली होती.

त्यानंतर भिंग आम्ही टाकून दिले नाही. वापरण्याची रीत बदलली. ३०० वर ओढण्याआधी दहा पावले पुढे जाता येते काय ते पाहतो. पक्षी बिचकत असेल किंवा ढोलीत पिल्ले असतील तर जात नाही. छिद्र एफ/८ वर ठेवतो. प्रकाश निम्मा होतो, म्हणून ऊन वर येईपर्यंत थांबतो, मात्र जमिनीवरून उष्ण हवेच्या लहरी उठू लागण्यापूर्वी काम आटोपतो, कारण त्या लहरींवर कोणत्याही किमतीच्या भिंगात उपाय नाही. तिपाईऐवजी नवापूरच्या तुरीने भरलेली कापडी पिशवी कुंपणावर किंवा दगडावर ठेवून तिच्यावर नळी टेकवतो. डुगडुगणे पुष्कळ कमी होते. एका पक्ष्याची पाठ, पोट, बाजू अशी निरनिराळी चित्रे घेतो आणि सगळी राखतो, देखणी असोत वा नसोत. निघण्यापूर्वी घड्याळ पाहतो. वहीत गाव, तालुका, जिल्हा लिहितो आणि जे ओळखता आले नाही त्यासमोर ‘ओळखता आले नाही’ असेच लिहितो. आणि तेथे जो कोणी भेटेल त्याला पक्ष्याचे नाव विचारतो.

आज हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. हातातला मोबाइल दूरचे चित्र घेताना स्वतःच तपशील रेखून देतो. २०२३ मध्ये एका प्रयोगकर्त्याने संगणकाच्या पडद्यावर मुद्दाम अस्पष्ट केलेला चंद्र ठेवून एका नामांकित कंपनीच्या मोबाइलने त्याचे चित्र घेतले, तर पडद्यावर नसलेले तपशील चित्रात उमटले. जुने स्वस्त भिंग होते ते पुसत असे. नवे साधन नव्हते ते भरते. पुसलेल्या जागी निदान एक अस्पष्टता राहते आणि ती पाहणाऱ्याला सावध करू शकते. भरलेल्या जागी तेवढीही खूण उरत नाही. उसवून पुन्हा भरलेल्या कातडीसारखे ते चित्र वरून अगदी नीट दिसते. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने डोक्यावर एकही ठिपका नसलेल्या पिंगळ्याचे झकास चित्र आणून दाखवले, तर आम्ही त्याला तोच प्रश्न विचारू, जो आम्हांला वर्गात विचारला गेला होता.

एक गोष्ट राहिली. आमचे छायाचित्र रानपिंगळ्याचे नाही, यावरून चिंचपाड्याच्या रानात रानपिंगळा नाही असे ठरत नाही. तसे म्हणणे ही तीच चूक उलट बाजूने करणे होईल. १९९७ नंतर हा पक्षी तळोदा, तोरणमाळ, मेळघाट येथे नियमित अभ्यासला गेला. २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात दिसला. त्याच सुमारास नवापूरच्या दक्षिणेला लागून असलेल्या डांगच्या जंगलातही त्याची नोंद झाली. २०१८ मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ असा थोडा सुधारला. शोधणाऱ्यांची संख्या वाढली की सापडणेही वाढते. चिंचपाड्याचा प्रश्न खुला आहे आणि तो खुला राहावा म्हणूनच आमची नोंद रद्द होणे आवश्यक आहे. खोटी नोंद माणसांना नको तेथे शोधावयास लावते, हे आपण या पक्ष्याच्याच बाबतीत पाहिले.

ग्रंथालयातील वार्षिकांकाच्या प्रतींत आम्ही त्या पानावर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. घरोघरी गेलेल्या प्रतींचे काय करावयाचे, याला उपाय नाही. ज्या वाचकांकडे तो अंक असेल त्यांनी कृपया छायाचित्राखालील ओळ पुढीलप्रमाणे वाचावी :

‘पिंगळा. चिंचपाडा, ता. नवापूर, जि. नंदुरबार. बहुधा फेब्रुवारी २००८, सकाळ. कॅमेऱ्यातील दिनांक चुकीचा. डोक्यावर ठिपके आहेत. या चित्रात दिसत नाहीत.’